रविवारची भाजी : हडपसर ते पुरंदर, कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

पुरंदरच्या सासवडहून हडपसरला घरी परत येताना, दिवे घाट उतरायच्या आधी, रस्त्याकडेला एक आजोबा गोणपाटावर वांगी मांडून बसले होते. दोन किलो घेतली. सुटे पैसे देताना त्यांच्या खिशातून एक कागद बाहेर आला. पुण्याच्या मार्केट यार्डातली, म्हणजे गुलटेकडीच्या घाऊक बाजारातली, पट्टी होती: माल किती विकला आणि खर्च कापून काय उरलं याची पावती. मी विचारलं, तर त्यांनी ती वाचायला हातात दिली. १०८ किलो वांगी, भाव ७ रुपये, झाले ७५६. त्यातून गाडीभाडं २७०, हमाली-तोलाई ५४. हातात राहिले ४३२ रुपये, म्हणजे किलोला ४. वांगी तोडायला दोन बायका लावल्या होत्या, त्यांची मजुरी यातूनच द्यायची. त्याच सकाळी आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या हातगाडीवर मी वांगी ४० रुपये किलोने घेतली होती.

गाडीवाल्या दादांवर माझा राग नाही. ते पहाटे तीनला गुलटेकडीला जातात, दिवसभर उन्हात फिरतात, उरलेला माल त्यांच्या अंगावर पडतो. पण ४ आणि ४० यांच्या मध्ये माझ्यासारखीने काही करावं, असं घाट उतरेपर्यंत वाटत राहिलं. आजोबांचा नंबर घेऊन ठेवला होता. आता त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो.

या नोंदी दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून ठेवते आहे. आकडे आहेत तसेच लिहीन.

२६ जानेवारी, रविवार

सोसायटीच्या झेंडावंदनानंतर विषय काढला. १८४ फ्लॅट, ३१ घरं तयार झाली. कमिटीतल्या एकांनी विचारलं, शेतकऱ्याकडून थेट घ्यायला परवाना लागतो का? फळं आणि भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या नियमनातून वगळला गेला, तेव्हा शेतकऱ्याने आपला माल यार्डाबाहेर विकायला आडकाठी नाही. मात्र आपण काटा वापरणार, तर त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का हवा आणि तो दर वर्षी नवा करून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक काटा २,४०० रुपयांना घेतला. वापरलेले २० कॅरेट प्रत्येकी १५० ने, ३,०००. म्हणजे पहिली मेथी यायच्या आधीच ५,४०० खर्च. आम्ही तिघींनी घातले.

तात्यांना मी आधी विचारलं होतं की शेतकरी आठवडे बाजारात का नाही बसत? ते दोन महिने बसले होते. "माल खपतो, ताई. पण चाळीस किलोसाठी एक अख्खा माणूस दिवसभर पुण्यात बसतो. मग रानात कोण?" म्हणून ठरलं की शेतकऱ्याने इथे बसायचं नाही. माल यायचा, वाटप आम्ही करायचं.

२ फेब्रुवारी, रविवार : पहिली खेप

व्हॉट्सॲपवर २७ भाज्यांची यादी टाकली. ज्याला जे हवं ते शुक्रवारी रात्री नऊपर्यंत लिहायचं. एकूण मागणी १३८ किलो.

छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, १,८०० रुपये. म्हणजे किलोमागे १३ रुपये नुसतं भाडं. घरटी ३० रुपये भाडं ठेवलं होतं, त्याचे ९३० जमले. ८७० आमच्या खिशातून.

काटा एक, भाज्या २७, घरं ३१. सात वाजून दहा मिनिटांनी मोजायला बसलो, शेवटची पिशवी अकरा चाळीसला गेली. कुणाची पाव किलो मिरची, कुणाचं अर्धा किलो गाजर, प्रत्येकाचं वेगळं. दोन घरांच्या पिशव्या अदलाबदल झाल्या. तळमजल्यावरच्या काकूंनी चहा आणून दिला, तो गार झाल्यावर प्यायला. तात्यांचा मुलगा गाडीबरोबर आला होता. तो साडेअकरापर्यंत भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याचं पाणी भरायचं राहिलं होतं. विजेची पाळी सकाळची होती. हे मला त्याने नंतर सांगितलं.

९ फेब्रुवारी, रविवार

मेथीच्या ४० गड्ड्या आल्या, २६ फेकल्या. वरून हिरव्यागार, आत हात घातला तर गरम आणि काळ्या. चूक आमचीच. "ताजी दिसू दे" असं मीच सांगितलं होतं, म्हणून शनिवारी दुपारी उपटून, पाणी मारून, पोत्यात दाबून भरली होती. रात्रभर आतल्या आत ती उबली.

तात्यांच्या सुनेने, म्हणजे वहिनींनी, सांगितलेली पद्धत अशी, आणि आता तीच चालू आहे: पालेभाजी शनिवारी पाचनंतर, ऊन उतरल्यावर काढायची. धुवायची नाही. मुळांची माती फक्त झटकायची. कॅरेटमध्ये मुळं खाली ठेवून उभी भरायची, दाबायची नाही. ओलं गोणपाट पिळून कॅरेटच्या वर झाकायचं, आत पानांना टेकवायचं नाही. गाडी पहाटे साडेचारला निघाली पाहिजे.

२६ गड्ड्यांचे पैसे शेतकऱ्याला पूर्ण दिले. त्याने आमचं ऐकलं होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार : यादी बंद

चार रविवार झाले. यादीपद्धत आज थांबवली. तीन जणांनी "मग गाडीवाला काय वाईट" असं विचारलं, म्हणून कारण सविस्तर लिहिते.

वहिनी गुरुवारी फोनवर म्हणाल्या, "ताई, तुमची यादी शुक्रवारी रात्री येते. भेंडी काय शुक्रवारची वाट बघत नाही. एक दिवस जास्त राहिली की जून होते. तुम्ही या आठवड्याला वीस किलो सांगता, पुढच्या आठवड्याला सहा. मी तोडायची कधी आणि ठेवायची कुठं?" भेंडी, गवार, काकडी यांचा तोडा दिवसाआड करावाच लागतो, नाहीतर झाड पुढे धरत नाही. आमच्या यादीत त्यांना त्यांच्या रानाचं काहीच दिसत नव्हतं. आम्ही यार्डाइतकेच बेभरवशाचे गिऱ्हाईक होतो. फरक एवढाच की गोड बोलत होतो.

आता एकच टोपली. पाच किलो भाजी आणि तीन पालेभाज्यांच्या गड्ड्या, २५० रुपये. त्या आठवड्यात रानात जे तयार असेल ते. कोपऱ्यात एक 'बदलाचं कॅरेट' ठेवायचं: ज्याला कारलं नको त्याने त्यात ठेवावं आणि त्यातलं दुसरं उचलावं. ही कल्पना आमच्या सोसायटीतल्या निवृत्त मास्तरांची, आणि आजवरची सगळ्यात उपयोगी.

३१ घरांतली ७ गेली. २४ राहिली. वाटप पन्नास मिनिटांत संपलं.

१६ मार्च, रविवार

टोमॅटोवरून भांडण. गाडीवर १५ रुपये किलो, आमच्या टोपलीत २४ ने धरलेला. एका ताईंनी ग्रुपवर गाडीचा फोटोच टाकला. "शेतकऱ्याकडून थेट, तर स्वस्त पाहिजे ना?"

याचं उत्तर मी पहिल्या दिवशी द्यायला हवं होतं. मी स्वतःच सुरुवातीच्या निरोपात "थेट शेतातून, रास्त दरात" लिहिलं होतं आणि प्रत्येकाने 'रास्त' म्हणजे 'स्वस्त' असं वाचलं. दुपारी गाडी काढून पुरंदरला गेलो, पाच जण. तात्यांच्या ओसरीवर वही घेऊन टोमॅटोचा हिशोब मांडला: रोपं, मल्चिंगचा कागद, बांबू, तार, सुतळी, खतं, फवारण्या, बांधणीची आणि तोडणीची मजुरी. शेवटी जो आकडा आला तो बघून फोटो टाकणाऱ्या ताई गप्प झाल्या. १५ रुपयाला गाडीवर मिळणारा टोमॅटो कुणाच्या तरी तोट्यातून आलेला असतो, हे वहीत दिसत होतं.

ठरलं ते असं: भाव तीन महिन्यांसाठी बांधलेला. यार्डात पडला तरी आम्ही कमी करायचा नाही, चढला तरी त्यांनी वाढवायचा नाही. २५० पैकी १८५ शेतकऱ्यांना, ४० गाडीभाडं, १५ कॅरेट-पिशव्या आणि घट (खराब होणाऱ्या मालासाठी), १० वाटपाला मदत करणाऱ्या मावशींना. पैसे रविवारी संध्याकाळी सहाच्या आत. फेब्रुवारीत मी एकदा नऊ दिवस उशीर केला होता. आडत्याही इतका उशीर करत नाही, असं तात्यांचा मुलगा म्हणाला आणि ते लागलं.

या हिशोबाने गाडीभाडं भागायला ४५ घरं हवीत. आमची २४. दर रविवारी ८४० रुपयांचा खड्डा.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

शेजारच्या दोन सोसायट्या आल्या, आता ५२ घरं. खड्डा बुजला. तात्यांनी टोपलीबरोबर कडुनिंबाचे आणि आंब्याचे डहाळे पाठवले, पैसे घेतले नाहीत. ११ घरं गावी गेलेली आणि कुणीच कळवलेलं नाही. नवा नियम: नको असेल तर बुधवारपर्यंत सांगायचं, नाहीतर टोपली धरली जाईल.

१३ एप्रिल, रविवार : शिवारफेरी

३८ माणसं, त्यात १४ मुलं. दोन गोष्टी झाल्या ज्या लिहायलाच हव्यात.

पहिली. आमच्यातल्या कुणीतरी उत्साहाने फलक करून आणला होता, 'शंभर टक्के सेंद्रिय भाजी'. तात्यांनी तो वाचला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आम्ही फवारतो. कमी फवारतो, पण फवारतो. खोटं लिहू नका, उद्या तुम्हीच आम्हाला खोटं म्हणाल." फलक गुंडाळून गाडीत ठेवला. तिथेच ठरलं की प्रत्येक शेतकऱ्याने फवारणीची वही ठेवायची: कधी, कशावर, काय, आणि बाटलीवर लिहिलेले किती दिवस तोडायचं नाही. वही कुणीही मागावी. पुढे सेंद्रियकडे जायचं असेल तर पीजीएस गटासाठी (यात शेतकरीच एकमेकांची शेतं तपासून हमी देतात) किमान पाच शेतकरी लागतात. आता त्यासाठी चार जण आहेत, पाचवे तयार आहेत. बदलाला वर्षं लागतात, तोवर तो शब्द वापरायचा नाही.

दुसरी. एका आजोबांनी पाण्याचं विचारलं. पुरंदर उपसा सिंचन योजना मुळा-मुठेचं पाणी उचलून इकडे आणते, म्हणजे पुण्याच्या नाल्यांतून गेलेलं पाणी. ते या भाजीला आहे का? उत्तर सरळ मिळालं. पालेभाजीला विहिरीचं. बाकीच्या रानाला विहीर आटली की योजनेचं आवर्तन, म्हणजे पाळीने सुटणारं पाणी, घ्यावं लागतं, त्याचे पैसे भरावे लागतात, आणि एप्रिलमध्ये विहीर आटतेच. मी बराच वेळ कालव्याच्या कडेला उभी राहिले. हडपसरला आमच्या न्हाणीघरातून गेलेलं पाणी फिरून इथे येतं आणि रविवारी वांग्यातून परत आमच्या घरी. आम्ही नाल्यात काय सोडतो याची चर्चा त्यानंतरच्या सोसायटीच्या सभेत पहिल्यांदा झाली.

पालेभाज्या कच्च्या खायच्या असोत की शिजवून, धुवायच्या कशा, ते लिहून सगळ्यांना पाठवलं.

अंजीर: मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्यातलं गोड पीक, चालू होता, पुरंदरच्या अंजिराला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणून सगळ्यांनी मागितलं. २० किलो कॅरेटमध्ये आणलं. तळचं सगळं चेपलं. अंजीर कॅरेटमध्ये आणू नये. त्याच्याच पानांवर एकेरी थर मांडून खोक्यात आणावं. ६ किलो गेलं.

२७ एप्रिल, रविवार : आगाऊ पैसे

तात्यांनी इतक्या दिवसांत एकच गोष्ट स्वतःहून मागितली. "भाव तुम्ही दिलाच. मला पेरायच्या आधी कळू द्या, किती घरं आहेत. मग मी काय टाकायचं ते टाकतो."

म्हणून १३ आठवड्यांचे आगाऊ, घरटी ३,२५०. ४१ घरांनी भरले, १,३३,२५० रुपये. बाकीची ११ दर आठवड्याची राहिली. निम्मी रक्कम बियाणं, खत आणि मजुरीसाठी सहा शेतकऱ्यांत लगेच वाटली.

माझी चूक: हे पैसे माझ्या वैयक्तिक खात्यावर घेतले. खजिनदार काकांनी त्याच संध्याकाळी दार वाजवलं आणि शांतपणे म्हणाले, "तुझ्यावर विश्वास आहे, म्हणूनच हे तुझ्या खात्यात नको." तिघांच्या सहीचं वेगळं खातं उघडायला नऊ दिवस गेले. तुम्ही करणार असाल तर खातं आधी, पैसे नंतर.

१ जून, रविवार

सगळ्यात वाईट दोन आठवडे. मे महिन्यातच पाऊस लागला आणि थांबलाच नाही. २६ मेला मोसमी पाऊस पुण्यात पोचल्याचं जाहीरही झालं. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या हिशोबाने सगळं रान मांडलेलं. कोथिंबीर, मेथी, पालक वाफ्यात सडले. वाफसाच नाही, म्हणजे माती पेरण्याइतकी सुकलीच नाही, त्यामुळे नवीन टाकता येईना. कांदा चाळीत भरायचा राहिला होता तो भिजला.

२५ मेच्या टोपलीत दुधी, वांगी आणि कांदा. एवढंच. मी हे रविवारी सकाळी सहाला ग्रुपवर कळवलं. लोक चिडले, आणि भाजी कमी म्हणून जेवढे चिडले त्याहून जास्त आधी सांगितलं नाही म्हणून. बरोबर होतं. मला गुरुवारीच माहीत होतं. लोक सोडून जातील या भीतीने मी तीन दिवस गप्प बसले.

आता दर गुरुवारी वहिनी रानातला फोटो पाठवतात आणि दोन ओळी: काय येणार, काय नाही, का नाही. या आठवड्यात सडलेल्या वाफ्याचा फोटो होता. त्यावर एकही तक्रार आली नाही. चार जणांनी विचारलं, पुन्हा बियाणं टाकायला पैसे लागतील का.

८ जून, रविवार

एका शेतकऱ्याची कोथिंबीर पावसातून वाचली होती. ठरलेल्या भावाने गड्डी १२ ची. पावसाने यार्डात आवक घटलेली, भाव चढलेला. त्याने शनिवारी रात्री अर्धी कोथिंबीर यार्डात पाठवली आणि आम्हाला "कमी निघाली" सांगितलं. गाडीच्या ड्रायव्हरकडून कळलं.

मी रागाने फोन उचलला होता. मास्तर म्हणाले, आधी बदलाच्या कॅरेटजवळची वही बघ. मार्चमध्ये टोमॅटो गाडीवर १५ झाला तेव्हा आपल्या किती घरांनी टोपली चुकवली? नऊ. त्यांना आपण काय म्हणालो? काही नाही.

फोन सोमवारी केला, पण हा विषय फोनवर न काढता भेटायला गेले. त्याच्या घरी आजारपण होतं, रोख पैसे हवे होते. अडचणीला उचल द्यायची सोय आमच्याकडे नव्हतीच. आता घट-खात्यातून ५,००० पर्यंत उचल मिळते, पुढच्या टोपल्यांतून वळती. आणि दोन्हीकडून शब्द मोडला गेला हे ग्रुपवर आणि ओसरीवर, दोन्हीकडे, नाव न घेता सांगितलं. तो शेतकरी अजून आमच्यात आहे.

२२ जून, रविवार : पालखी

माउलींची पालखी आज पुण्याहून निघून हडपसरमार्गे दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी. म्हणजे आमचा रस्ता बंद, घाट बंद, आणि आमचे सहाही शेतकरी वारकऱ्यांच्या सेवेत. हे कॅलेंडरवर वर्षभर आधीपासून लिहिलेलं असतं. हडपसरला राहून माझ्या ते ध्यानात आलं शुक्रवारी दुपारी. बोपदेव घाटाने आणू का विचारलं, तर तात्या म्हणाले, गाडी येईल, पण तोडायला माणूस मिळणार नाही. सगळं गाव सासवडला.

मग त्यांनीच विचारलं, ही टोपली दिंडीला दिली तर चालेल का? रात्री ग्रुपवर विचारलं. ४३ घरांनी हो म्हटलं, ९ घरांनी पैसे परत मागितले. त्यांना त्याच रात्री परत दिले, कारण न विचारता. त्यांनी भाजीचे पैसे भरले होते, दानाचे नाही.

दोडका, दुधी, वांगी, कांदा, जवळजवळ दोनशे किलो भाजी सासवडच्या मुक्कामी एका दिंडीच्या चुलीवर शिजली. सकाळी आम्ही गाडीतळाजवळ पालखीचं दर्शन घेतलं. पुढच्या वर्षी पालखीच्या आठवड्याची टोपली गुरुवारी. तारीख आत्ताच वहीत लिहून ठेवावी, पंचांग निघालं की.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

पालखीचा धडा घेतल्यामुळे रताळी आधीच सांगून ठेवली होती, ती पुरली. पण चातुर्मास विसरलो. आमच्याकडची १७ घरं आजपासून चार महिने कांदा, लसूण, वांगी खात नाहीत. आणि तात्यांच्या वांग्याचा तोडा ऐन भरात. बदलाचं कॅरेट वांग्यांनी भरून वाहिलं, २३ किलो परत गेली.

तोडगा: शेजारच्या सोसायटीतली खानावळ चालवणाऱ्या मावशी आठवड्याला २० किलो वांगी ठरलेल्या भावाने घ्यायला तयार झाल्या. एका कायमच्या खानावळीने जे साधतं ते दहा नव्या घरांनीही साधत नाही. हे आधी सुचायला हवं होतं. वांग्याची नवी लागण मात्र तात्यांनी निम्मी केली.

३ ऑगस्ट, रविवार

फवारणीची वही पहिल्यांदा कामाला आली. आमच्या एका ताई दर महिन्याला दोन वह्या बघतात. गवारीवर गुरुवारी फवारणी, शनिवारी तोडा. लेबलवर त्याहून जास्त दिवस लिहिलेले. ३२ किलो गवार गाडीतून उतरवलीच नाही. शेतकरी म्हणाला, तोडा मोठ्या मुलाने केला, त्याला फवारल्याचं माहीत नव्हतं. निम्मं नुकसान घट-खात्याने सोसलं, निम्मं त्याने. आता फवारलेल्या वाफ्याच्या कोपऱ्याला लाल चिंधी बांधतात. वहीपेक्षा चिंधी बरी, ती रानातच दिसते.

२६ ऑगस्ट, मंगळवार, हरतालिका

ऋषिपंचमी २८ तारखेला, पण उद्या गणपती बसणार, रस्त्याला गाडी काढण्यात अर्थ नाही. म्हणून ऋषीची भाजी आजच.

या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. नांगरलेल्या रानातलं नको, हाताने लावलेलं, परसातलं, बांधावरचं हवं. शहरात आपण ते विसरून मिळेल ते मिसळतो. वहिनींच्या सासूबाईंनी गावातल्या अकरा म्हाताऱ्यांना कामाला लावलं. अळू, माठ, अंबाडी, लाल भोपळा, पडवळ, दोडका, चवळीच्या शेंगा, सुरण, मक्याची कणसं. कुणाच्या परसातलं अळू, कुणाच्या मांडवावरचं पडवळ. ७० वाटे केले, १२० रुपयाला एक. पैसे थेट त्या आज्यांच्या हातात. त्यातल्या दोघींनी सांगितलं की परसातल्या भाजीचे पैसे आयुष्यात पहिल्यांदा मिळाले.

मागणी ११० घरांची होती. ४० घरांना नाही म्हणावं लागलं, कारण मी जुलैत विचारलंच नव्हतं. अंबाडी आणि पडवळ पावसाच्या सुरुवातीला लावावं लागतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात विचारायचं.

१४ सप्टेंबर, रविवार

पुरंदरचा वाटाणा. टोपलीत दीड किलो शेंगा. आज बदलाच्या कॅरेटजवळ रांग होती, कुणीच वाटाणा ठेवत नव्हतं.

पिशव्यांचा हिशोब: बचत गटाकडून ६० रुपयाला एक अशा १२० कापडी पिशव्या शिवून घेतल्या होत्या, घरटी दोन, एक जाते एक येते. ४४ परत आल्या नाहीत. आता १०० रुपये अनामत.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज टोपलीनंतर पेरणीची बैठक. तात्या, वहिनी आणि बाकीचे पाच पहिल्यांदा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आले. ५८ घरं, सात शेतकरी. फळ्यावर भाज्यांची नावं आणि प्रत्येक घराने हात वर करायचा. शेपू ९ घरं. चुका १४. मेथी ५७. आम्हाला वाटायचं शेपू कुणालाच नको, म्हणून बंद केला होता. ती ९ घरं सहा महिने गप्प होती.

मेथी एकदम न टाकता दर आठ दिवसांनी एक वाफा, तीन शेतकऱ्यांत वाटून. पहिला वाफा तात्यांनी शुक्रवारीच टाकला, तो नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काढायला येईल. शेपूचे दोनच वाफे. गाजराला दोन शेतकऱ्यांत वाद झाला, चिठ्ठी टाकून मिटवला.

आजवरचा खर्च आणि जमा हॉलच्या फलकावर लावला आहे. घट-खात्यात ११,६४० शिल्लक, दोन शेतकऱ्यांची मिळून ७,००० उचल बाकी. आम्ही तिघींनी सुरुवातीला घातलेले ५,४०० अजून निघालेले नाहीत, ते निघावेत असं आता कुणी धरलेलंही नाही.

तात्या जाताना फळ्यापाशी थांबले. फळ्यावरचे आकडे त्यांनी जानेवारीतल्या त्या पट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उतरवून घेतले.

पुढची टोपली १९ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत. गावी जाणाऱ्यांनी बुधवारपर्यंत कळवा. आत्तापर्यंत १९ घरांनी कळवलं आहे, तेवढी भाजी खानावळीच्या मावशी घेणार आहेत. कोथिंबीर सोडून. ती कमी आहे.